कार्डांची थकबाकी आणि नादारीचा अर्ज

घेणं-देणं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी चिंचवडला राहतो, वय ४१. गेल्या वर्षी कंपनीनं आमचा अख्खा विभाग बंद केला आणि सात महिने मी घरी बसून होतो. त्या काळात घरखर्च क्रेडिट कार्डांवर चालला. एका कार्डाचं बिल भरायला दुसऱ्यावरून पैसे काढले. आज चार कार्डांची मिळून ६,९०,००० रुपये थकबाकी आहे. सगळ्यात मोठं कार्ड २,८५,००० चं. शिवाय वैयक्तिक कर्जाचे ४,५०,०००. आता नोकरी लागली आहे, हातात ५२,००० येतात, त्यातले १८,४०० घराच्या हप्त्याला जातात. फ्लॅट माझ्या आणि पत्नीच्या नावावर आहे. वसुलीवाले बारामतीला माझ्या आईला फोन करतात. माझा मेहुणा न्यू जर्सीला असतो. तो म्हणतो, ‘दिवाळखोरी जाहीर कर, कार्डं माफ होतात, आमच्याकडे चार महिन्यांत लोक मोकळे होतात.’ आपल्याकडे असं होतं का? अर्ज करण्याआधी फ्लॅट पत्नीच्या नावावर करून ठेवू का? मामांचे दीड लाख हातउसने घेतलेत, ते तरी आधी फेडावेत असं वाटतं. पत्नीला यातलं निम्मंच माहीत आहे.

उत्तर : आधी फ्लॅटचं आणि मामांचं बोलू, कारण तिथे घाई केलीत तर पुढचं सगळं बिघडेल. फ्लॅट पत्नीच्या नावावर करू नका. मामांचे पैसे आत्ता फेडू नका.

पुणे जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाच्या नादारीला, म्हणजे तुमचे मेहुणे म्हणतात त्या दिवाळखोरीला, आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागतो. त्यात सरळ लिहिलं आहे, की मालमत्ता दुसऱ्याच्या नावे केल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज पडला आणि त्यावर माणूस नादार ठरला, तर तो व्यवहार कोर्ट रद्द करू शकतं. खऱ्या किमतीला, प्रामाणिकपणे विकत घेणाऱ्याला तेवढं संरक्षण आहे. पत्नीला बक्षीसपत्र करून दिलेला हिस्सा त्यात बसत नाही. मामांचं तसंच. सगळे धनको, म्हणजे तुमच्याकडून येणं असलेले, ताटकळत असताना मर्जीतल्या एकालाच पैसे दिले आणि तीन महिन्यांच्या आत नादारीचा अर्ज पडला, तर ते देणंही उलटवता येतं. म्हणजे भाच्यानं परत केलेले दीड लाख मामांना रिसीव्हरकडे, म्हणजे नादाराची मालमत्ता ताब्यात घ्यायला कोर्टानं नेमलेल्या माणसाकडे, जमा करायची वेळ यायची. तुमच्या मनात मामांबद्दल आस्था आहे हे दिसतं. त्यांना आज जाऊन खरी परिस्थिती सांगा. पैशांपेक्षा ते आधी द्या.

मेहुण्यांचं म्हणणं चुकीचं नाही, पण ते तिथलं आहे. अमेरिकेत दिवाळखोरी कायद्याच्या ‘चॅप्टर सेव्हन’खाली अर्ज दाखल झाला, की त्याच क्षणापासून स्थगिती लागू होते. फोन, पत्रं, दावे सगळं थांबतं. क्रेडिट कार्डाचं देणं विनातारण असल्यामुळे सहसा पुसलं जातं आणि साधारण चार महिन्यांत मुक्ततेचा आदेश मिळतो. पण तिथेही उत्पन्नाची चाचणी असते. अर्जाच्या तोंडावर कार्डावर केलेली चैनीची खरेदी माफ होत नाही. मुलांच्या पोटगीचं देणं राहतं, शैक्षणिक कर्ज बहुतेक वेळा राहतं. आणि नोंद दहा वर्षं पाठ सोडत नाही. उत्पन्न जास्त असेल त्याला ‘चॅप्टर थर्टीन’खाली तीन ते पाच वर्षं हप्ते भरावे लागतात. तुमच्यासारखा कमावता माणूस तिथेही कदाचित या दुसऱ्या रांगेत गेला असता.

आपल्याकडे २०१६ साली दिवाळखोरीची नवी संहिता आली, तिच्यात साध्या माणसांसाठी वेगळा भाग आहे. पण कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरताच तो १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला. तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी हे लिहीपर्यंत तरी तो लागू नाही. त्यातली ‘नव्यानं सुरुवात’ नावाची सोपी वाट तर वर्षाला ६०,००० पर्यंत उत्पन्न आणि ३५,००० पर्यंत कर्ज असणाऱ्यांनाच आहे. म्हणून आपण अजून जुन्याच दोन कायद्यांवर चालतो : मुंबई शहरात १९०९ चा, उच्च न्यायालयात. बाकी महाराष्ट्रात १९२० चा, जिल्हा न्यायालयात.

हा कायदा मी वकिलीच्या पुस्तकात वाचण्याआधी आमच्या ओसरीवर पाहिला. वडिलांचं पाटण तालुक्यात कापडाचं दुकान होतं, मागे शिवणकाम चालायचं. आमच्या भागात घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत. त्याची मनीऑर्डर आली की उधारी चुकती व्हायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनीऑर्डरी आटल्या. वडिलांनी कुणालाही कापड नाकारलं नाही, लग्नाचा बस्ता तर नाहीच नाही. घाऊक व्यापारी आणि पतपेढी मात्र थांबले नाहीत. १९८४ मध्ये वडिलांनी साताऱ्याला नादारीचा अर्ज केला.

रिसीव्हर म्हणून एक वयस्क वकील आले, सोबत कारकून. कारकून मोठ्यानं वाचत यादी करत होता : तागे, लाकडी कपाट, मोजायचा गज, पितळी काटा. शिलाई मशीन लिहिलं गेलं तेव्हा वकीलसाहेबांनी त्याच्या हातातलं पेन घेऊन त्या ओळीवर रेघ मारली. ‘कारागिराचं हत्यार आहे, जप्तीत येत नाही.’ आईनं आपल्या पाटल्या काढून खतावणीवर ठेवल्या होत्या. त्यांनी विचारलं, ‘या कुणी घातल्या?’ आई म्हणाली, ‘माहेरनं.’ ‘मग उचला. या यांच्या नाहीत, तुमच्या आहेत.’ मी तेव्हा चौदा वर्षांची होते. कायदा माणसाकडे काही ठेवतोही, हे मला त्या दुपारी कळलं.

काय ठेवतो ते तुमच्याही उपयोगाचं आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमात जी मालमत्ता जप्तीतून वगळली आहे ती नादारीतही रिसीव्हरकडे जात नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारं, धर्माच्या रिवाजानुसार बाईला अंगावेगळं करता येत नाही असं मंगळसूत्रासारखं लेणं, प्रॉव्हिडंट फंड, पीपीएफ आणि तुमच्या आयुर्विम्याचे पैसे. म्हणून कुणी कितीही दबाव आणला तरी पीएफ किंवा पीपीएफ मोडून कार्डं भरू नका. ज्या पैशाला धनकोचा हात पोचत नाही, तो तुम्ही स्वतःहून त्यांच्या हातात देत असता.

आता कार्डांचं. नुसता अर्ज केल्यानं इथे फोन थांबत नाहीत. कोर्टानं तुम्हाला नादार ठरवलं, की मात्र तुमची वगळलेली सोडून सगळी मालमत्ता कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते, आणि त्यानंतर कोर्टाच्या परवानगीशिवाय कुठल्याही बँकेला कार्डाच्या पैशांसाठी तुमच्यावर दावा लावता येत नाही. अटकेपासून संरक्षणाचा आदेशही मागता येतो. अर्जात प्रत्येक धनकोचं नाव, पत्ता, रक्कम द्यावी लागते. चारही कार्डं, वैयक्तिक कर्ज, मामा, सोसायटीची थकबाकी, सगळं. एखादं कार्ड ‘चालू राहू दे, अडीनडीला होईल’ म्हणून लपवू नका. नादार ठरलेल्या आणि अजून मुक्त न झालेल्या माणसानं आपली स्थिती न सांगता ५० रुपयांची जरी उधारी घेतली, तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रक्कम १९२० ची आहे, पण कलम जिवंत आहे. मालमत्ता विकून आलेले पैसे धनकोंत प्रमाणात वाटले जातात आणि वाटपाच्या हिशोबात व्याज वर्षाला ६ टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत. कार्डाच्या व्याजापुढे हा फरक फार मोठा आहे.

गृहकर्ज देणारी बँक या सगळ्याच्या बाहेर. तारण तिच्याकडे आहे, हप्ता चुकला तर ती तिच्या वाटेनं जाईल. फ्लॅटमधल्या तुमच्या हिश्शातून गृहकर्ज वजा जाता काही उरत असेल, तर ते रिसीव्हरकडे. पत्नीचा खरा हिस्सा पत्नीचाच. गृहकर्जावर त्यांची सही असेल तर त्या देण्यातून मात्र तुमच्या नादारीनं त्या सुटत नाहीत, कुठलाच सहकर्जदार किंवा जामीनदार सुटत नाही. त्यांच्याकडे तुमच्या खात्यावरचं जोडकार्ड असेल तर त्याचं देणं मूळ कार्डधारक म्हणून तुमच्यावर येतं.

शेवटचा टप्पा मुक्ततेचा, म्हणजे उरलेल्या देण्यातून सुटण्याचा, आणि तिथेच बहुतेकांचं अडतं. कोर्ट ठरवून देईल त्या मुदतीत मुक्ततेचा अर्ज करावा लागतो, नाहीतर नादारीच रद्द होते आणि सगळे धनको पुन्हा दारात. शिवाय रुपयाला आठ आणेसुद्धा वसूल होण्याइतकी मालमत्ता नसेल, तर ‘हे माझ्या हाताबाहेरच्या कारणानं झालं’ असं तुम्हाला पटवावं लागतं. फेडता येईल याचा काही आधार नसताना कर्ज काढलं, उधळपट्टी केली, जुगार-सट्टा केला, असं दिसलं तर पूर्ण मुक्तता मिळत नाही. आणि सरकारी देणं, फसवणुकीतून झालेलं देणं, पोटगी ही मुक्ततेनंतरही राहतात.

वडिलांचा हिशोब रुपयाला एकतीस पैशांवर आला होता. आठ आण्यांच्या खूप खाली. तरी १९८७ मध्ये त्यांना मुक्तता मिळाली, कारण संप त्यांनी केला नव्हता आणि त्यांची खतावणी शेवटच्या दिवसापर्यंत लिहिलेली होती. कुणाला किती वार कापड, कुठल्या तारखेला, मनीऑर्डर शेवटची कधी आली, सगळं. कोर्टात त्यांच्यापेक्षा ती खतावणीच जास्त बोलली. तुमची खतावणी म्हणजे त्या सात महिन्यांची कार्डांची विवरणपत्रं. किराणा, शाळेची फी, औषधं, विजेचं बिल. आज रात्री चारही कार्डांची गेल्या दोन वर्षांची विवरणपत्रं उतरवून घ्या आणि नोकरी गेल्याचं पत्र त्यांच्यावर ठेवा. पुढे कुठल्याही वाटेनं गेलात तरी ही फाईल लागणार.

अर्ज करावा का? माझं मत, आज नको. नादारीची लाज वाटावी म्हणून हे सांगत नाही. आमच्या घरानं ती घेतली आणि आम्ही उभे राहिलो. पण तुम्ही कमावते आहात, फ्लॅटमध्ये तुमचा हिस्सा आहे, आणि आपल्याकडे ही प्रक्रिया महिन्यांत संपत नाही, वर्षं जातात. आधी दुसरी वाट पूर्ण चालून बघा.

तुम्ही बुडत का गेलात ते एकदा कागदावर पाहा. २,८५,००० च्या कार्डावर ‘किमान देय’ ५ टक्के धरलं तर १४,२५० रुपये. महिना ३.६ टक्के व्याज झालं १०,२६०, त्यावर १८ टक्के जीएसटी १,८४७. म्हणजे तुम्ही १४,२५० भरले आणि मुद्दल फिटलं २,१४३ रुपये. बाकी सगळं हवेत. कार्डाच्या व्याजाला वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा असावी, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय होता. सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ ला तो रद्द केला. तेव्हा वरून कुणी हे व्याज कमी करून देईल अशी वाट बघू नका. किमान देय भरत राहणं थांबवा आणि एका कार्डातून दुसरं भरणं आजपासून बंद.

आधी गृहकर्जाचा हप्ता. मग वैयक्तिक कर्ज, कारण त्याचा हप्ता बहुधा खात्यातून आपोआप वळता होतो. खात्यात पैसे नसल्यानं तो परतला तर २००७ च्या पेमेंट कायद्याच्या २५ व्या कलमाखाली चेक परतल्यासारखाच गुन्हा दाखल होऊ शकतो. त्या बँकेला मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा लेखी अर्ज द्या. कार्डं सगळ्यात शेवटी. पगाराचं खातं कार्ड देणाऱ्याच बँकेत असेल तर ते दुसऱ्या बँकेत हलवा, नाहीतर पगार जमा होताच बँक आपलं येणं त्यातून वळतं करून घेऊ शकते. गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, घेऊन कार्डं भरा असा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. व्याज कमी पडतं हे खरं. पण आज विनातारण असलेलं कर्ज त्यानं घरावर चढतं, आणि नोकरी दुसऱ्यांदा गेली तर घरच जातं. मी तुमच्या जागी घेणार नाही.

कार्डांच्या बँकांना एकेक पत्र द्या : नोकरी कधी गेली, आता पगार किती, दरमहा किती देऊ शकतो. थकबाकीचे हप्ते करून द्या किंवा तडजोडीची रक्कम सांगा. वसुलीवाल्याच्या तोंडी बोलण्यावर एक रुपया देऊ नका. तडजोडीचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर, रक्कम आणि तारीख घालून, पैसे भरण्याआधी. कोरा चेक सही करून कुणालाही नाही. पैसे भरल्यावर ‘काही देणं नाही’ असा दाखला. तडजोड केलीत तर सिबिलच्या अहवालात ‘क्लोज्ड’ ऐवजी ‘सेटल्ड’ असं येईल आणि पुढची काही वर्षं नवं कर्ज अवघड जाईल. तुमच्या बाबतीत ते मला वाईट वाटत नाही.

लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरून घरी बसू नका, जा. तिथे तडजोडीच्या मनःस्थितीत बँका येतात. मात्र तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नाही, म्हणून झेपेल तेवढ्यालाच सही करा. आणि समजा बँक दिवाणी कोर्टात गेली, हुकूमनामा झाला, पगार जप्त करायचा म्हटलं तरी पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश हात लावायचे नाहीत. ५२,००० वर ३५,००० तुमचे, जास्तीत जास्त १७,००० जाऊ शकतात. तेही एका हुकूमनाम्याखाली एकूण २४ महिने. ऐपत नाही एवढ्या कारणावरून कर्जदाराला तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्येच सांगितलं आहे. ‘उद्या पोलीस घेऊन येतो’ असं फोनवर ऐकाल तेव्हा हे लक्षात असू द्या.

आईंच्या फोनचं मला सगळ्यात जास्त लागलं. रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाही. धमकी, चारचौघांत अपमान आणि घरच्या माणसांच्या खासगी आयुष्यात घुसणं याला मनाई आहे. आईंना सांगा, वाद घालायचा नाही, फक्त नंबर, तारीख आणि वेळ कॅलेंडरवर लिहायची. ती यादी जोडून बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार मोफत करता येते. माहितीसाठी फोन १४४४८. प्रत्यक्ष धमकी असेल तर थेट पोलीस ठाणं.

राहिली पत्नी. त्यांना उरलेलं निम्मं या रविवारी सांगा, आकडे लिहून. वडिलांनी आईला सगळं सांगितलं होतं म्हणूनच ती पाटल्या घेऊन ओसरीवर बसू शकली. वसुलीवाला दारात आला त्या दिवशी कळलं असतं, तर ती आतल्या खोलीत रडत बसली असती. सहा महिने ही वाट चालून बघा. एकही बँक बधली नाही आणि कोर्टाचे दोन-तीन हुकूमनामे अंगावर आले, तर नादारीचा अर्ज करायला जिल्हा न्यायालय आहेच. तेव्हा फाईल तयार असेल आणि तिच्यात फ्लॅटचं बक्षीसपत्र नसेल.

प्रश्न : ताई, मी रत्नागिरीची. माझे यजमान मार्चमध्ये गेले. त्यांच्या कार्डाचे २,३०,००० राहिलेत. बँकेकडून आलेला मुलगा म्हणतो, ‘काकू, तुम्ही फक्त सही करा, मी हप्ते करून देतो.’ चांगला बोलतो. सही करू का?

उत्तर : करू नका, ताई. तो चांगला असेलही, पण त्या सहीनं यजमानांचं देणं तुमचं स्वतःचं होईल. आज ते तुमचं नाही. त्यांनी मागे जे ठेवलं आणि त्यातलं जे तुमच्या हाती आलं, तेवढ्यापुरतंच बँकेला वारसांकडे मागता येतं. तुमचा पगार, तुमच्या नावावरची ठेव, तुमचं स्त्रीधन त्यात येत नाही. मुलांनाही हेच लागू. बँकेला मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून पत्र द्या आणि दोन गोष्टी लेखी विचारा : या कार्डावर विमा होता का, आणि मृत्यूच्या तारखेनंतरचं व्याज व दंड कमी करणार का. काही कार्डांवर असा विमा असतो आणि घरच्यांना तो माहीतच नसतो. पत्र शाखेत हातोहात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. तो मुलगा पुन्हा आला की चहा द्या आणि शिक्क्याची प्रत दाखवा.